खाडीचा जिताडा, नववीतली लेक आणि घरातला अबोला

पत्र:

ताई, नमस्कार. माझं माहेर साताऱ्याजवळचं आणि सासर पनवेल तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातलं. लग्न करून आले तेव्हा मला साधी कोळंबी सोलता येत नव्हती, सासूबाईंनी सगळं शिकवलं. आता त्या नाहीत. सासरे, म्हणजे आमचे बाबा, पंचाहत्तरीचे आहेत, पण अजूनही भरती-ओहोटी बघून पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन खाडीवर जातात. मिळेल ते आणतात. बोय, निवट्या, चिंबोऱ्या, नशीब असेल तर जिताडा.

माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी त्यांचा गट तळोज्याच्या कारखान्यांजवळून वाहणाऱ्या कासाडी नदीवर जाऊन आला आणि तेव्हापासून घराचं तंत्र बिघडलं. आधी तिनं खाडीची मासळी सोडली, मग बाजारातली, मग चिकन, आता अंडंही. म्हणते, "हे सगळं विष आहे, आणि चिकन-मटणामुळे पृथ्वी तापते." गेल्या आठवड्यात बाबांनी जिताडा आणला. कालवण उकळायला लागलं आणि घासलेटचा वास सुटला. मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, "आजोबा, तुम्ही गटारातलं आणता आणि आम्हाला खायला घालता." तेव्हापासून बाबा तिच्याशी बोलत नाहीत आणि माझ्याशीही तुटक वागतात.

आमच्या ह्यांचं म्हणणं, हे सगळे मनाचे खेळ आहेत. "आम्ही लहानपणापासून खातोय, काय झालं आम्हाला?" खरं सांगायचं तर आता माझ्याही घशाखाली खाडीचं उतरत नाही. ताटात वाढून घेते आणि मागच्या दारी मांजराला घालते. चिकन मात्र खाते. धाकटी जाऊ पाचव्या महिन्यात आहे. ताकद यावी म्हणून बाबा तिच्यासाठी मुद्दाम खुबे आणि चिंबोऱ्या आणतात. नक्की बरोबर कोण? मी काय शिजवू? आणि बाबांना काय सांगू?

— एक वाचक, पनवेल तालुका

उत्तर:

ताई, तुम्ही जाऊबाईंचा विषय शेवटी लिहिलात, पण सुरुवात तिथूनच करायला हवी. बाकीची भांडणं महिनाभर चालली तरी बिघडणार नाही. हे मात्र आजच थांबवा. खाडीतले खुबे, कालवं, शिंपल्या जाऊबाईंच्या ताटात यायला नकोत, आणि खाडीतली चिंबोरीही नको.

कारण सांगते, म्हणजे बाबांना समजावता येईल. शिंपलीवर्गातले जीव पाणी गाळून जगतात. पाण्यात जे असेल, मग ते मैल्यातले जंतू असोत की कारखान्याचे धातू, ते गाळून आपल्या अंगात साठवतात, आणि आपण तो जीव आतड्यासकट अख्खा खातो. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातल्या शिंपल्यांमधून काविळीचे विषाणू पसरतात, त्यातला हेपॅटायटिस ई गरोदर बाईच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकतो. खुब्यांना नुसती एक वाफ आणून उतरवायची आपली पद्धत आहे, ती अशा वेळी पुरत नाही. बरं, भरपूर उकळून जंतू तरी मरतील, शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातू कितीही उकळलं तरी जाणार नाहीत. चिंबोरीच्या पाठीच्या कवचाखालचा जो पिवळसर-तपकिरी भाग असतो, ज्यावर घरात सगळ्यांचा डोळा असतो, नेमकं तिथेच कॅडमियम सगळ्यात जास्त साठतं. म्हणजे बाबा प्रेमानं सुनेसाठी जे राखून ठेवत असतील, तेच तिनं टाळायचं आहे.

याचा अर्थ जाऊबाईंची मासळीच बंद करायची असा मात्र नाही. ती चूक फार घरांत होते. बाळाच्या मेंदूच्या वाढीला माशातली चरबी लागते. त्यांना समुद्राची, तीही लहान मासळी द्या. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, झेपेल तेव्हा पापलेट. आठवड्यातून दोन-तीन वेळा, नीट शिजवून. तुमच्याकडून उरणचं करंजा बंदर काही लांब नाही. टाळायचे ते मोठे शिकारी मासे: मुशी, कुपा, तलवार मासा, आणि हाताएवढी लांब सुरमई. दर तिसऱ्या दिवशी सुरमईचा तुकडा म्हणजे गरोदर बाईचे लाड, असं आपल्याकडे मानतात. त्याऐवजी बांगड्याचं तिखलं केलंत तर लाड आणि पैसे दोन्ही राखले जातील.

आता तुम्ही म्हणाल, सुरमई तर खोल स्वच्छ समुद्रातली, तिला काय झालं? घरात चाललेल्या सगळ्या वादाची गाठ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या कालवणाला घासलेटचा वास आला. तो खराच होता, मनाचा खेळ नव्हे. पाण्यात तेलकट रसायनं मिसळली की ती माशाच्या चरबीत उतरतात, आणि अगदी थोडी असली तरी शिजवताना त्यांचा वास सुटतो. ठाणे खाडीवरचे मच्छीमार ही तक्रार वर्षानुवर्षं करत आले आहेत. असा मासा टाकून द्यायचा, कोकमं-चिंच वाढवून वास मारायचा नाही. एवढ्यापुरतं तुमच्या लेकीचं नाक बरोबर होतं.

पण पाऱ्याला वासही नाही, चवही नाही. पाण्यातले जंतू पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी, म्हणजे अंगात साठणारं विषारी रूप, करतात. ते आधी बारीक जीवांत जातं, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत त्याहून जास्त, आणि लहान मासे वर्षानुवर्षं गिळणाऱ्या मोठ्या माशांत त्याहून कितीतरी पट जास्त. म्हणून चकचकीत, ताजी, बर्फातली मुशी नाकाला निर्दोष वाटते आणि पाऱ्याच्या बाबतीत मांदेलीपेक्षा कितीतरी वाईट असते. हा पारा माशाच्या मांसात असतो. कातडं काढून, मीठ-हळद चोळून, तळून तो जात नाही. तुमच्या शेजारच्या उल्हास नदीच्या मुखाशी गाळात पारा सापडल्याची नोंद राष्ट्रीय सागरविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी वीसेक वर्षांपूर्वीच केली आहे. तो कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या जुन्या कारखान्यांतून आलेला. त्या गाळाकडे उभं राहून पाहिलं तर गाळच दिसतो.

म्हणजे किळस आणि धोका यांची गाठ पडतेच असं नाही. आपण घरात निर्णय घेतो ते किळसेवर. पॉल रोझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग छापला. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून काढलं. रस पूर्ण सुरक्षित आहे हे लोकांना ठाऊक होतं, तरी तो त्यांना नकोसा झाला. किळस अशी चिकटते. जिथे लागली तिथे थांबत नाही, शेजारच्या वस्तूवर जाते. तुमच्या घरात ती काळ्या पाण्यावरून बोयीवर गेली, बोयीवरून पापलेटवर, पापलेटवरून कोंबडीवर. कोंबडीनं कधी कासाडी बघितली नव्हती.

ही गोष्ट एका घरापुरती नाही. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या दोन जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर समुद्रात पडले, त्यातल्या काहींत कीटकनाशकं होती. ऐन गटारीच्या तोंडावर मुंबईकरांनी मासळीकडे पाठ फिरवली. त्यात लांबून बर्फात आलेली, त्या तेलाशी काही संबंध नसलेली मासळीही बसून राहिली. गोव्यात जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन सापडल्याची बातमी आली, मग प्रमाण मर्यादेत असल्याचं सांगण्यात आलं, मग सरकारनं बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवसांची बंदी घातली. फॉर्मेलिन हे मासळी टिकवायला मारलेलं रसायन, म्हणजे प्रदूषण नव्हे, ती भेसळ. पण गिऱ्हाईकाच्या मनात दोन्हीचा परिणाम एकच. ज्या गोव्यात शीत-कडीशिवाय पान हलत नाही, तिथल्या माणसांनी मासळी सोडली, कारण सकाळचं एक आणि संध्याकाळचं दुसरं ऐकून कुणावरच विश्वास उरला नाही. माझं मत असं की खाणारा विषापेक्षा या अविश्वासाला जास्त घाबरतो. तुमच्या मुलीला कुणी खाडीच्या माशाची तपासणी करून कागद दाखवला असता, तर तिची भीती एका माशापाशी थांबली असती. कुणी दाखवला नाही, म्हणून ती सगळ्यावर पसरली.

आता तुमच्या ह्यांच्या "काय झालं आम्हाला" याबद्दल. तुम्ही मांजराचा उल्लेख केलात आणि मला मिनामाता आठवलं. जपानच्या कुमामोतो प्रांतातलं हे खाडीकाठचं गाव. चिस्सो नावाच्या कंपनीनं १९३२ पासून पाऱ्याचं सांडपाणी तिथल्या खाडीत सोडलं. पहिल्यांदा वेड्यासारखी उड्या मारायला, झटके येऊन मरायला लागली ती मासे खाणारी मांजरं. माणसांच्या आजाराची अधिकृत नोंद झाली १९५६ मध्ये. मधे चोवीस वर्षं गेली, आणि त्या काळात तिथलेही लोक म्हणतच असतील की आम्ही कायमच खातो. सांडपाणी थांबलं ते १९६८ मध्ये. सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. काही आया वरकरणी ठणठणीत होत्या आणि त्यांची बाळं मेंदूला इजा घेऊन जन्मली. आईच्या अंगातला पारा पोटातल्या बाळाकडे गेला होता. म्हणून म्हणते, ह्यांना काही झालं नाही याचा जाऊबाईंच्या बाळाशी काहीही संबंध नाही. हे वाक्य त्यांना वाचून दाखवा.

मिनामाता सांगून मी पनवेलची खाडी तशीच आहे असं सुचवत नाही. तिथे एका कारखान्याचा पारा एका बंदिस्त खाडीत वर्षानुवर्षं ओतला गेला होता. तुमच्याकडे अनेक कारखाने, अनेक शहरांचा मैला आणि भरती-ओहोटीचं मोकळं पाणी आहे. शिवाय मासा कुठल्या कोपऱ्यात धरला यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून मोजणी केल्याशिवाय खाडीचा मासा महिन्यातून किती वेळा चालेल याचा आकडा कुणी देऊ नये, आणि कुणी दिला तर त्यावर विसंबू नये. तोवर घरचा नियम साधा ठेवा. शिंपल्या-खुबे सगळ्यांनाच बंद. निवट्या चिखलातच जगतात, त्याही बंद, हे ऐकून बाबांना त्रास होईल हे मला कळतं. वास आलेला मासा कुठलाही असो, टाकायचा. गरोदर बाई आणि मुलं यांच्यासाठी खाडीचं काहीच नाही. बाबांनी स्वतः कधीमधी बोय खाल्ली तर त्यावरून घर डोक्यावर घेऊ नका.

आता लेकीकडे येऊ.

तिच्या बोलण्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत, विष आणि पृथ्वीचं तापमान. त्या वेगळ्या करून द्या, पण तिला हरवण्यासाठी नको. विषाबद्दल सांगायचं तर मांसाहार सोडून प्रदूषणातून सुटका होत नाही. लोकलमधून जाताना रुळांकडेला जो हिरवागार पालक दिसतो, तो बऱ्याच ठिकाणी नाल्याच्या पाण्यावर वाढलेला असतो, आणि पालेभाज्या जड धातू चांगल्याच शोषतात. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये बाजारातलं मीठ तपासलं तर त्यात प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले. मीठ तर वरणातही पडतं. तिला हे सांगितलंत की ती कदाचित पालकही सोडेल, म्हणून सांगताना पुढचं वाक्य लगेच जोडा: कुठून आलं हे विचारायचं, सरसकट सोडायचं नाही.

तापमानाच्या बाबतीत मात्र तिचं म्हणणं बरंचसं खरं आहे. ऑक्सफर्डचे जोसेफ पूअर आणि स्वित्झर्लंडचे थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये जगभरच्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती गोळा करून हिशोब मांडला. खास मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या मांसाला किलोमागे सरासरी १०० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइडइतके पृथ्वी तापवणारे वायू बाहेर पडतात, मेंढी-बकरीच्या मटणाला ४०, कोंबडीला १०, अंड्यांना ५. याच यादीत चीजचा आकडा २४ आहे. पनीर त्या यादीत नाही, पण किलोभर पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं आणि दुधाचा आकडा लिटरमागे ३ आहे, म्हणजे पनीर कोंबडीच्या पुढेच जातं. चिकन सोडून हॉटेलात पनीर मसाला मागवणाऱ्यानं पृथ्वीसाठी फार काही केलेलं नसतं. तुरीची डाळ, वाल, मटकी, चवळी खाणाऱ्यानं मात्र केलेलं असतं. ही माहिती एखाद्या निवांत दुपारी द्या. जेवायच्या पानावर, ह्यांच्यासमोर, "बघ, तुझं पनीर कसं वाईट" असं म्हणालात तर ती दूधही सोडेल आणि तुम्हालाही. चौदा-पंधराव्या वर्षी माणूस आकड्यांनी हरत नाही, अपमानानं मात्र पेटतो.

रोझिननं पुढे १९९७ मध्ये शाकाहारी झालेल्या लोकांबद्दलही लिहिलं. त्यात तब्येतीसाठी मांस सोडणारे आणि तत्त्वासाठी सोडणारे यांच्यात फरक दिसला. तत्त्वासाठी सोडणाऱ्यांना मांसाची किळस जास्त यायची, आणि त्यांच्याकडे सोडण्याची कारणंही जास्त असायची. तुमची मुलगी या दुसऱ्या बाजूला निघाली आहे. ती परत मासळी खाईल अशी आशा धरून रोज थोडं पुढ्यात सरकवू नका. रस्स्यातला तुकडा काढून "नुसता रस्सा घे" हेही नको, त्यानं विश्वास जातो. तिला सोडायचं तर सोडू द्या, पण दोन अटी घाला. एक, वाढत्या वयात तिनं दूध-दही आणि रोज भरपूर कडधान्य खायचं. तुमच्याकडे वालाचं बिरडं आहे, पोपटी आहे, माहेरची मटकीची उसळ आहे, सोय भरपूर आहे. दोन, डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यायचं. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही आणि आपल्याकडे शाकाहारी घरांत त्याची कमतरता सर्रास असते. कमी निघालं तर गोळी घ्यायची, वाद घालायचा नाही. अंड्याबद्दल ती पुनर्विचार करणार असेल तर उत्तम, नसेल तर राहिलं.

तुमच्या चिकनबद्दल फार लिहीत नाही. खाडीच्या माशापेक्षा ब्रॉयलर स्वच्छ, ही समजूत बऱ्याच जणांची असते, कारण दुकानातल्या कोंबडीमागचं शेड आपण पाहिलेलं नसतं. कोंबड्यांना वाढीसाठी दिलं जाणारं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक माणसांसाठी शेवटच्या आधाराचं आहे, म्हणून केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. ती घालावी लागली, यावरून आधी काय चाललं होतं ते कळतं. नीट शिजवून आठवड्यातून एकदा खाल्लं तर काळजीचं कारण नाही. ताटात घेऊन मांजराला घालणं मात्र सोडा. मांजराचंही भलं नाही आणि बाबांना ते एक दिवस दिसणारच आहे.

आता राहिले बाबा. तुमच्या पत्रात सगळ्यात कमी बोलणारे तेच आहेत.

त्यांना खाडी खराब झाली हे कुणी सांगायला हवंय असं तुम्हाला वाटतं का? त्यांना ते तुमच्या मुलीच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये कारखान्याच्या रंगानं निळ्या झालेल्या तळोज्यातल्या कुत्र्यांचे फोटो देशभर फिरले, तेव्हा लोकांना कासाडी नदी कळली. खाडीवर रोज जाणाऱ्याला ती पागेच्या वजनावरून कळत होती. स्थानिक मच्छीमारांची बाजू घेऊन हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादात गेलं, ते अशाच माणसांच्या तक्रारींवरून. शेजारच्या उरणमध्ये बंदराच्या कामामुळे तिवरं आणि मासेमारीची जागा गेली म्हणून १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई द्यावी, असा निकाल लवादानं २०१५ मध्ये दिला होता. म्हणजे खाडी बिघडली याचे पहिले साक्षीदार आणि पहिले भोगणारे बाबांसारखे लोक. आणि त्यांच्याच नातीनं त्यांना भर घरात सांगितलं की घाण तुम्ही आणता.

मिनामातातही हेच झालं होतं. आजारी मच्छीमारांच्या घरांना वाळीत टाकलं, त्यांचा मासा कुणी घेईना, आणि न विकलेला मासा त्यांनाच खावा लागला. सांडपाणी सोडणारा कारखाना मात्र गावाचा अन्नदाता म्हणून मिरवत राहिला. आपल्याकडेही घाणीचा वास कारखान्याच्या नावाला चिकटत नाही. तो कोळणीच्या पाटीला आणि आगऱ्याच्या पागेला चिकटतो. मांसाहार वाईट, मासे खाणारे अस्वच्छ, असा जो सूर आपल्या शहरांतल्या सोसायट्यांमध्ये आधीपासून आहे, त्याला प्रदूषणाचं कारण आयतंच मिळतं. तुमची मुलगी त्या सुरात बोलत नव्हती हे मला माहीत आहे. बाबांच्या कानाला तो तसाच लागला असेल.

म्हणून तिनं माफी मागायला हवी, पण मासळी न खाण्याबद्दल नव्हे. "गटारातलं" या शब्दाबद्दल, आणि तो सगळ्यांसमोर म्हणण्याबद्दल. एवढीच माफी. तुम्ही मधे उभं राहून ती घडवून आणू नका, तिला एकटीला सांगा आणि वाट बघा. बाबा लगेच विरघळतील असंही नाही.

बाबांशी तुम्ही बोला, आणि ह्यांना बरोबर घ्या. सुनेनं एकटीनं "खाडीचं आणू नका" म्हटलं की ते साताऱ्याचं नखरेलपण ठरेल. मुलानं म्हटलं तर ऐकलं जाईल. सुरुवात जाऊबाईंपासून करा. "बाळासाठी डॉक्टर खुबे नको म्हणतात" हे बाबा एका मिनिटात मान्य करतील, कारण त्यांना नातवंडाला द्यायचं आहे, खुबे हट्टानं खपवायचे नाहीत. त्यांना पर्याय द्या. करंजाला जाऊन समुद्राची मासळी निवडून आणण्याचं काम त्यांच्याकडेच ठेवा. ताजा बांगडा गालफडावरून ओळखणं घरात त्यांच्याइतकं कुणाला जमत नसणार. आणि जिताडाच हवा असेल तर अलिबागकडे शहापूर-धेरंड भागात लोक घरच्या तळ्यात जिताडे वाढवतात. तिथलं पाणी कुठून येतं हे विचारून, कुणी ओळखीचं असेल तर घ्या. पाग टाकणं बंद करा असं मात्र म्हणू नका. ते खाडीवर मासळीसाठी जातात तसे स्वतःसाठीही जातात. आणलेलं खायचं की नाही हे वेगळं ठरवता येतं.

मुलीच्या प्रकल्पाचं काय झालं, वहीत जमा होऊन गुण मिळाले आणि संपला? नदीचं काळं पाणी तिनं पाहिलं, पण त्या पाण्यात पूर्वी काय मिळायचं हे तिच्या वहीत नसणार. कुठली मासळी कोणत्या साली दिसेनाशी झाली, भरतीचं पाणी कुठवर यायचं, कुठल्या नाल्याच्या तोंडाशी पहिल्यांदा मासा उलटा तरंगला, हे सांगू शकणारा माणूस तिच्या घरातच आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करायची असेल तर जागा, तारीख आणि काय दिसलं ते लिहावं लागतं. जागा आणि तारखा बाबांकडे आहेत, ऑनलाइन अर्ज भरणं मुलीला येतं. ती आपण होऊन विचारायला गेली तर बरं. तुम्ही सुचवलंत तर एकदाच सुचवा. मत्स्यव्यवसाय विभागाकडे खाडीतल्या माशाच्या तपासणीची मागणी करायची झाली तर ती एका घराची नको, गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या नावानं जाऊ द्या. एका घरच्या कागदाला कचेरीत कुणी विचारत नाही.

स्वयंपाकाचं विचारलंत. दोन वेगळे स्वयंपाक रोज करू नका, पंधरा दिवसांत तुम्ही थकाल आणि राग मुलीवर निघेल. भात-भाकरी, एक डाळ किंवा कडधान्य आणि एक भाजी, हे सगळ्यांचं. ज्या दिवशी मासळी, त्या दिवशी ती वरची. मुलीला वासाचा त्रास होत असेल तर मासळीचं पातेलं आणि तवा वेगळा ठेवा, पण ती स्वयंपाकघरात यायचीच नाही म्हणाली तर ते मान्य करू नका. जेवण आटोपल्यावर भांडी घासायची तिची पाळी असेल, तर त्या दिवशीही तिचीच.

आणि जाऊबाईंची पुढची तपासणी असेल तेव्हा आतापर्यंत साधारण किती वेळा खुबे खाल्ले ते डॉक्टरांना सांगायला सांगा. घाबरवायला नव्हे. काविळीची काही लक्षणं आहेत का, आणखी काही तपासायला हवं का, ते डॉक्टर ठरवतील.